सराफ्यातल्या त्या दोघांचे आभार

इंदूरच्या सराफ्यात रात्री सोन्याचांदीची दुकाने बंद झाली की त्यांच्याच दारांसमोर भुट्ट्याच्या किसाच्या कढया चढतात. गेल्या हिवाळ्यात तिथे तळलेला गराडू कंद खाऊन (मसाला झणझणीत, तरीही दोनदा) रिकामा द्रोण हातात घेऊन मी घुटमळत असता, ज्या विक्रेत्याने न बोलता तो योग्य डब्यात टाकला त्यांचे, आणि बाजार उठताच रस्ता झाडायला आलेल्या ताईंचे मी मनःपूर्वक आभार मानतो. होळकरांच्या या नगरीने २०१७ पासून सलग ७ स्वच्छ सर्वेक्षणांत पहिला क्रमांक मिळवला आणि रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करू शकणारा प्रकल्प उभारला, हे सर्वश्रुत आहे. त्या दोघांची नावे मात्र विचारायची राहून गेली.