डाग टिकलीएवढा, चट्टा तळहाताएवढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत लग्नाच्या ड्रेसवरचा डाग घरच्या घरी कसा काढायचा याची एक चौकट आली होती. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करा, पेस्ट लावा, ब्रशने घासा, गरम पाण्याने धुऊन टाका, झालं. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण यातला घासायचा उद्योग मी स्वतः करून बसलेय.

मुलीचा ड्रेस होता, पांढरं सिल्क सॅटिन, आणि गळ्याच्या खाली लिपस्टिक लागली, टिकलीएवढी. मी घाबरून ओला रुमाल घेतला आणि घासत सुटले, डाग फिका झाला पण पसरला, आणि वाळल्यावर बघते तर तिथली चमकच गेलेली, तळहाताएवढा पांढुरका खरखरीत चट्टा. सिल्क ओलं झालं की कमजोर होतं, तेव्हा घासलं की वरचे बारीक तंतू तुटतात, आणि तुटलेले तंतू काही परत जोडता येत नाहीत. लिपस्टिक निघाली असती हो, चट्टा नाही निघाला, ड्रायक्लीनवाल्यानेही हात टेकले. शेवटी त्यावर लेसचं फूल शिवलं.

तुमच्या चौकटीत कापड कोणतं हे कुठे विचारलेलंच नाही. पॉलिस्टर बरंच काही सोसतं, सिल्क सोसत नाही. सिल्क म्हणजे प्रोटीन, त्यामुळे क्लोरीनच्या ब्लीचने ते पिवळं पडतं आणि झिजतं, आणि ज्या डिटर्जंटमधलं एन्झाइम रक्ताचा डाग खातं तेच एन्झाइम सिल्कही खायला लागतं. अस्तर ॲसिटेटचं, म्हणजे सिल्कसारख्या दिसणाऱ्या कृत्रिम कापडाचं असलं आणि नेलपेंट काढायला कुणी ॲसिटोनवालं रिमूव्हर लावलं तर कापडच विरघळतं, डागाच्या जागी भोक. म्हणून आधी आतल्या शिवणीपाशी टॅग शोधायचा. टॅगवर छोटी चित्रं असतात, पाण्याच्या टबावर फुली असेल तर घरी धुवायचं नाही, त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको, आणि गोल म्हणजे ड्रायक्लीन, गोलातलं अक्षर ड्रायक्लीनवाल्यासाठी असतं, आपण त्यात डोकं घालायचं नाही. टॅग नसेल तर जे काही लावणार ते आधी आतल्या शिवणीवर थेंबभर लावून वाळू द्यायचं, ओलं असताना सगळंच छान दिसतं.

सोडा-व्हिनेगरचं म्हणाल तर फेस येतो म्हणून काहीतरी घडतंय असं वाटतं, पण एक आम्ल आणि एक अल्कली, एकमेकांना मारून मोकळे होतात, खाली उरतं खारट पाणी. आणि गरम पाणी! रक्त, दूध, अंडं यांचा डाग गरम पाण्याने पक्का बसतो, प्रोटीन शिजतं ना. रक्ताला थंडच पाणी. सुई टोचून रक्ताचा थेंब लागला तर शिवणारे लोक ज्याचं रक्त त्याचीच थुंकी लावून टिपतात, ऐकायला कसंतरी वाटतं पण ताज्या बारीक डागावर चालतं. पांढऱ्या सुती किंवा पॉलिस्टरच्या ड्रेसवर रक्त वाळलं असेल तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, तेही आधी आत लावून बघून.

लिपस्टिक, फाउंडेशन हे तेलकट डाग, त्यावर लगेच पाणी नको. टाल्कम पावडर टाकायची, थोडा वेळ राहू द्यायची, तेल शोषलं की हलकेच झटकायची. कापड धुण्याजोगं असेल तरच मग भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब पाण्यात मिसळून, खाली पांढरी चिंधी धरून, बाहेरून मध्याकडे टिपत यायचं. टिपायचं, चोळायचं नाही. चिंधी पांढरीच हवी, रंगीत नॅपकिनने डाग काढायला जाल तर नॅपकिनचा रंग ड्रेसवर येतो. घेराच्या कडेला चिखल लागला असेल तर काहीच करायचं नाही, वाळू द्यायचा आणि मग मऊ ब्रशने झटकायचा, निम्म्याहून जास्त तसाच पडतो.

पांढऱ्या ड्रेसची टूम फोफावली ती १८४० मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या लग्नानंतर, तिचं काय, डाग काढायला पदरी माणसं होती. असो.

एक डाग मात्र दिसतच नाही. घाम, पांढरी वाइन, गोड पेय सांडलं की वाळल्यावर काही कळत नाही, आपण ड्रेस पॅक करून ठेवतो, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी काढावा तर तिथे पिवळे-तपकिरी डाग. साखर हवेने हळूहळू रंग धरते. म्हणून ड्रायक्लीनला देताना कुठे काय सांडलंय ते आठवून सांगायचं, आणि मणी चिकटवलेले आहेत की शिवलेले तेही सांगायचं, कारण काही गोंद ड्रायक्लीनच्या सॉल्व्हंटमध्ये सुटतात.

पुढच्या रविवारी निदान गरम पाणी आणि ब्रश एवढं तरी मागे घ्या, आणि पहिली ओळ टाका, आधी टॅग बघा.

तुमची,
एक जुनी वाचक