कात्रज घाटातल्या अनोळखी माणसांनो, मनापासून आभार

जुन्या कात्रज घाटात सायकलवरून कोसळलो तेव्हा न थांबता छाती दाबत राहिलेले टेम्पोवाले दादा, रुग्णवाहिका येईपर्यंत गाड्या अडवून धरणाऱ्या ताई आणि माझी सायकल टपरीत सांभाळून वर चेनला तेल घालून ठेवणारे काका, तुमची नावं विचारायची राहूनच गेली. म्हणून हे जाहीर आभार.

आता डाव्या कॉलरबोनखाली आयसीडी नावाचं छोटं यंत्र आहे. ठोके जीवघेणे बिघडले तर ते आतूनच झटका देतं. २०२१ ची पॅरिस-रुबे ही सायकल शर्यत जिंकणारा इटालियन सायकलपटू सोनी कोलब्रेली पुढच्याच वर्षी शर्यतीनंतर कोसळला; आयसीडी बसलं आणि इटलीच्या नियमांपायी त्याचं रेसिंग सुटलं. मला परवानगी मिळाली, हे नशीबच. त्यात मोठा वाटा डिव्हाइस तपासणाऱ्या टेक्निशियन ताईंचा. ट्रेडमिलवर माझे ठोके कुठवर चढतात ते पाहून त्यांनी डॉक्टरांशी बोलून झटक्याची मर्यादा त्याच्या वर लावली; नाहीतर चढावर विनाकारण शॉक बसायचा. "सॅक नको, पट्टा नेमका तिथेच घासतो," हेही त्यांनीच बजावलं.

रविवारी स्पर्धेत उतरलो. नंबर बराच मागचा (हल्लीची पोरं चढावर ऐकतच नाहीत!). दादा, घाटात दिसलो तर हाक मारा, चहा माझ्याकडून.