लेकीच्या नर्सिंग प्रवेशाबद्दल मैत्रिणीस पत्र

नाशिक,
10 डिसेंबर

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

"खासगीतलं चांगलं नर्सिंग कॉलेज कोणतं?" असं तू फोनवर विचारलंस. नाव सांगण्यापेक्षा कॉलेज पारखायचं कसं ते लिहिते, म्हणजे तुम्हां मायलेकींना एजंटाच्या तोंडाकडे बघत बसावं लागणार नाही.

आधी लेकीचं बी.एस्सी. नर्सिंग की जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) ते ठरवा. बी.एस्सी. चार वर्षांचं, आठ सेमिस्टरचं. पदवी इथल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. जीएनएम तीन वर्षांचा डिप्लोमा. ती सायन्सला आहे, तर बी.एस्सी.च धरा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी मिळून खुल्या वर्गाला 45 टक्के लागतात, राखीवला 40. इंग्रजी यात धरतात हे मुली विसरतात. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला वय 17 पूर्ण हवं.

प्रवेश परीक्षा राज्याच्या सीईटी सेलची, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची. 100 प्रश्न, 90 मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. चार विषयांबरोबर नर्सिंग अॅप्टिट्यूडचेही प्रश्न असतात.

सगळ्यात जास्त मुली कुठे अडकतात सांगू? सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा फॉर्म भरला असं समजतात. तसं नाही. निकालानंतर कॅप राउंडची, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीची, नोंदणी वेगळी, कागद पुन्हा अपलोड करायचे, कॉलेजांचा पसंतीक्रम वेगळा भरायचा. ती तारीख हुकली की चांगले गुण असूनही हात चोळत बसायचं. पसंतीक्रमात घराजवळचं नव्हे, मनापासून हवं ते कॉलेज वर टाका.

कागदांना आजच लागा. जात पडताळणीला महिनोन्‌महिने जातात. बारावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज गेलेला बरा. नॉन-क्रिमी लेयर पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारं हवं, जुनं असेल तर सेतूत जाऊन नवं काढ. डोमिसाइल आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेव. आधारवर आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर तिचं नाव अक्षरन्‌अक्षर सारखं आहे ना, तेवढं बघ. एका काना-मात्रेपायी पडताळणीत अर्ज परत येतो.

आता कॉलेज. इमारत, लॉन, एसी सेमिनार हॉल बघून भुलू नकोस. नर्स वॉर्डात घडते. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाने कॉलेजला स्वतःचं किमान 100 खाटांचं हॉस्पिटल लागतं, एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण आणि खाटा 75 टक्के भरलेल्या. म्हणून न कळवता, सोमवारी-मंगळवारी सकाळी अकराला जा. ओपीडीत केसपेपरची रांग आहे का? वॉर्डात सलाइनचे स्टँड चालू आहेत का, की गाद्यांवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नाही? लेबर रूममध्ये महिन्याला किती बाळंतपणं होतात ते सिस्टरांना विचार. 60 जणींची बॅच आणि महिन्याला दहा बाळंतपणं, म्हणजे मुलींच्या केसबुकात नोंदी कशा भरत असतील ते तूच ओळख. स्किल लॅबमधला सरावाचा पुतळा दाखवा म्हण. खोक्यातून काढावा लागला तर समजून जा. पोस्टिंग सिव्हिलला होत असेल तर परवानगीचं पत्र, अंतर आणि बसचे पैसे कोणाचे, हे विचार.

मान्यता कॉलेजच्या पत्रकावर बघायची नाही. कौन्सिलच्या आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर, त्याच वर्षाची, किती जागांची, ते बघ.

फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. प्रत्येक कॉलेजचा आकडा वर्षागणिक तिथे सापडतो. त्यावर "डेव्हलपमेंटचे वेगळे" म्हणून रोख मागितले तर ते डोनेशनच, आणि त्याला कायद्याने बंदी आहे. हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, अनामत मात्र वेगळं लागतं. ते लेखी माग.

आणि हे नीट वाच: जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून झाला तरच. "कशाला राउंडची वाट बघता, मॅनेजमेंटची सीट आजच पक्की करू" असं एजंट म्हणतो तेव्हा तो ही माफीच घालवतो. माफीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर दरवर्षी करायचा, बँक खातं आधारला जोडलेलं ठेवून.

परराज्यातलं "हजेरीची गरज नाही" असं कॉलेज कोणी सुचवलं तर फोन ठेवून दे. अशा पदवीवर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी अडली तर नोकरीही अडते, आणि नोंदणी मिळालीच तरी इंजेक्शन द्यायला तिचा हात थरथरेल.

जाता जाता एक. वॉर्डात जाण्याआधी हिपॅटायटिस-बीची लस पूर्ण हवी. तीन डोस असतात: पहिला, मग महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. बोर्डाची परीक्षा संपली की पहिला देऊन टाक, आणि कार्ड जपून ठेव.

तुझीच,
माधुरी