बाबा, हरणाच्या मटणाचं असं आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, "हरणं मारून गोरगरिबांना वाटायची, हे कसलं दान?" असं तुम्ही परवा विचारलंत आणि उत्तर द्यायच्या आत आईनं फोन काढून घेतला. म्हणून हे पत्र.

इथे पेनसिल्व्हेनियात लांडगे माणसानं एकोणिसाव्या शतकातच संपवले, मग हरणं बेसुमार वाढली. जंगलात नवं रोप वर येऊ देत नाहीत, मक्यात शिरतात, रात्री गाडीपुढे येतात. रानडुकरांपायी भुईमुगाची राखण करणाऱ्या तुम्हाला हे वेगळं काय सांगायचं! आपल्याकडे 1972 च्या कायद्यानं शिकार बंद झाली. इथे मात्र वन्यजीव खातं दरवर्षी परवाने देतं, माद्यांचे वेगळे.

एका-दोन हरणांतच शिकाऱ्याच्या घरचा फ्रीझर भरतो आणि शिकारीचं मटण विकायला कायद्यानं मनाई आहे. त्यामुळे 1991 पासून 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट' नावाची संस्था ते गोळा करते. शिकाऱ्यानं हरीण ठरलेल्या खाटकाकडे नेऊन द्यायचं, खाटकाची मजुरी संस्था भरते, आणि खिम्याची पाकिटं फूड बँकेमार्फत गावोगावच्या पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रांत, जातात. एका हरणात साधारण 200 जेवणं होतात, असा संस्थेचा हिशोब आहे.

मी शनिवारी चर्चच्या ज्या पँट्रीत मदतीला जाते, तिथे हा खिमा येतो. पांढऱ्या प्लास्टिकच्या जाड नळीसारखं पाकीट, वर 'विक्रीसाठी नाही' असं छापलेलं, दगडासारखं गोठलेलं. डबाबंद घेवडा आणि मॅकरोनी तिथे ढिगानं असते, मटण क्वचित. त्यामुळे ही पाकिटं तासाभरात संपतात. हरणाच्या मटणाला चरबी अगदी कमी, तव्यावर लगेच कोरडं पडतं. एका आजींना मी आईसारखा भरपूर कांदा परतून, झाकण ठेवून शिजवायला सांगितलं. (आई, खोबऱ्याचं वाटण मी त्यांच्यावर लादलं नाही.)

एक गोष्ट मात्र मला खटकते. बंदुकीची गोळी शिशाची असेल तर तिचे बारीक कण मटणात पसरतात, डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि शिसं तर विषारी. 2008 साली नॉर्थ डकोटात तसे कण सापडले आणि पँट्र्यांना दान आलेला खिमा टाकून द्यायला सांगितलं होतं. तांब्याच्या गोळ्या मिळतात, पण महाग पडतात. म्हणून लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर मी पाकीट देण्याआधी हे स्पष्ट सांगते. आमच्यातल्या काहींना ते आवडत नाही, "फुकट मिळतंय त्यात कशाला खोड काढायची" म्हणतात. फुकट घेणाऱ्याला विचारायचा हक्क नसतो, हे मला काही पटत नाही.

शिकारी सगळे पुण्यवान आहेत असंही नाही, बाबा. बऱ्याच जणांचा जीव शिंगांच्या फोटोतच अडकलेला असतो. पण मारलेलं जनावर कुजत टाकण्यापेक्षा ते कुणाच्या तरी चुलीवर चढावं, एवढं तरी तुम्हाला पटेल ना?

तुम्ही नोव्हेंबरअखेर येताय, नेमका तेव्हाच बंदुकीचा हंगाम सुरू होतो. सकाळी फिरायला निघताना मी आणून ठेवलेलं नारिंगी जाकीट घालायचं, आणि जंगलाच्या वाटेला जायचं नाही. आईचं जाकीटही आणलंय. रंग तिला आवडणार नाही, तरी घालायला लावा.

तुमची,
पमा