बदलाचे बिल कोणाच्या नावावर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, त्या संदर्भात आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत आलेला लेख वाचला. जुना संगणक आणि जुने प्रोग्रॅम धरून बसलेला माणूस बदलाला घाबरतो, असा त्या लेखाचा एकूण सूर होता. मी पस्तीसहून अधिक वर्षे सॉफ्टवेअर लिहिण्यात घालवली आणि त्यांतली निम्मी तरी दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले चालते ठेवण्यात गेली. माझा अनुभव असा, की लोकांना बदलाचे वावडे नसते. ज्या बदलाचा निर्णय दुसऱ्याने घेतला त्याचे बिल आपल्या नावावर फाडले जाते, याचा त्यांना राग असतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीपुढचे प्रोसेसर लागतात. त्यामागे सुरक्षेची कारणे आहेत, हे मान्य. पण या अटींमुळे उत्तम चालणारी यंत्रे बाद ठरली, आणि त्यांच्या मालकांनी कोणती चूक केली होती, याचे उत्तर लेखात नव्हते.

जुन्याशी सुसंगत राहणे म्हणजे प्रगतीच्या पायातली बेडी, ही समजूत आमच्या धंद्यात जुनी आहे. इतिहास मात्र उलट बोलतो. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० हे संगणकांचे कुटुंब जाहीर केले, त्याआधी त्याच कंपनीचे वेगवेगळे संगणक एकमेकांचे प्रोग्रॅम चालवू शकत नसत आणि मोठे यंत्र घेणाऱ्या ग्राहकाला आपले सगळे काम पुन्हा लिहून घ्यावे लागे. लहानमोठ्या यंत्रांना एकच आज्ञासंच, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या मूळ आज्ञांची एकच यादी, देण्याचा तो जुगार कंपनीला प्रचंड महाग पडला, पण फळला. त्या काळात लिहिलेले कित्येक प्रोग्रॅम आजच्या मेनफ्रेमवरही, म्हणजे बँकांसारख्या मोठ्या संस्थांच्या महासंगणकांवरही नव्हे तर मुख्य संगणकांवर, चालू शकतात. याउलट इंटेलचे आयटेनियम. २००१ मध्ये बाजारात आलेला हा ६४ बिटांचा प्रोसेसर कागदावर देखणा होता, मात्र लोकांकडचे जुने प्रोग्रॅम त्यावर रखडत चालत. २००३ मध्ये एएमडीने जुन्याच रचनेला ६४ बिटांची जोड दिली, बाजार तिकडे वळला, आणि पुढच्याच वर्षी खुद्द इंटेललाही तीच वाट धरावी लागली.

सुसंगतता राखणे म्हणजे नेमके काय, हे बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. विंडोज ९५ तयार होत असताना असे लक्षात आले, की सिमसिटी हा लोकप्रिय खेळ वापरून प्रणालीला परत केलेली मेमरी पुन्हा वाचतो. चूक खेळाची होती आणि आधीच्या प्रणालीत ती खपून जात होती. मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमरांनी हा खेळ ओळखून त्याच्यापुरती मेमरी जरा उशिरा मोकळी करण्याची सोय विंडोजमध्ये घातली. एक्सेलची गोष्ट तर याहून मासलेवाईक आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हते, तरी एक्सेल आजही २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख मुकाट्याने स्वीकारते, कारण लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या लोकप्रिय स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये ती चूक होती आणि त्यातल्या तारखांचे हिशेब जसेच्या तसे जुळणे आवश्यक होते. शुद्धतावाद्यांना हे हास्यास्पद वाटेल. मला यात ग्राहकाच्या कामाविषयीचा आदर दिसतो.

हा आदर मी स्वतः एकदा विसरलो होतो. एका हिशेबाच्या प्रणालीत तारखेचा रकाना दोन अक्षरांनी वाढवला, माझ्या सगळ्या चाचण्या पार पडल्या, आणि महिनाअखेरीला कळले, की तीच फाइल वाचणारा एक छोटा प्रोग्रॅम कोणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहून ठेवला होता. तो बंद पडला नाही, हेच दुर्दैव. पुढचे सगळे रकाने दोन अक्षरे सरकवून तो निमूटपणे चुकीचे आकडे छापत राहिला. माझा बदल अर्ध्या तासाचा होता, तो निस्तरायला इतर चौघांचे दोन आठवडे गेले. आमच्या धंद्याचे अर्थशास्त्र या एका प्रसंगात आले: बदलणाऱ्याची बचत एकदाच आणि ठळक दिसते, सोसणाऱ्यांचा खर्च हजार ठिकाणी विखुरतो आणि कोणाच्याच ताळेबंदात येत नाही. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली, पण दुसरीतले प्रोग्रॅम तिच्यात जसेच्या तसे चालत नसत. दुसऱ्या आवृत्तीला निरोप द्यायला १ जानेवारी २०२० उजाडले. एवढी वर्षे जगभरातले प्रोग्रॅमर चालणारे काम पुन्हा चालते करत होते.

सगळे जुने अनंतकाळ सांभाळा, असे मी म्हणत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम पसरला तो फाइल वाटून घेण्याच्या एका जुनाट पद्धतीतल्या त्रुटीतून, आणि ती पद्धत असंख्य यंत्रांवर केवळ जुन्यांच्या सोयीसाठी चालू राहिली होती. अशा गोष्टी काढल्याच पाहिजेत, आधी पुरेशी मुदत देऊन. माझा आग्रह आतल्या यंत्रणेबद्दल नाहीच; ती हवी तितकी बदला. ज्या ठिकाणी दुसऱ्याचा प्रोग्रॅम किंवा दुसऱ्याची फाइल येऊन टेकते ती कड मात्र हलवू नका. लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीच्या गाभ्याबाबत तिचे जनक लायनस टॉरवाल्ड्स हा नियम किती कठोरपणे, प्रसंगी शिवराळपणे, पाळायला लावतात हे सर्वांना ठाऊक आहे. गंमत अशी, की त्या गाभ्यावरच्या थरांनी तेवढे पथ्य पाळले नाही, आणि आज लिनक्सवर वीस वर्षांपूर्वीचा लिनक्सचाच प्रोग्रॅम चालवण्यापेक्षा त्याच वयाचा विंडोजचा प्रोग्रॅम ‘वाइन’ या विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने चालवणे कधीकधी सोपे जाते.

मोबाइल आणि ऑनलाइन सेवांनी तर जुनी आवृत्ती ठेवून देण्याचा पर्यायच काढून घेतला आहे. रात्रीत अपडेट येते, सकाळी एखादी सोय नाहीशी झालेली असते, आणि तक्रार करणाऱ्याला मागासलेला ठरवायला आपल्या लेखासारखे लेख हाताशी असतात.

आपल्या पुरवणीत नव्या उपकरणांची व सॉफ्टवेअरची परीक्षणे येतात, त्यांत कॅमेरा आणि बॅटरीला भरपूर जागा मिळते. त्याच चौकटीत यापुढे तीन ओळी वाढवाव्यात, ही विनंती: सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळण्याचे लेखी आश्वासन आहे, दहा वर्षांपूर्वीची फाइल त्यात उघडते का, आणि उद्या हे सोडायचे ठरवले तर आपली माहिती दुसरीकडे वाचता येईल अशा स्वरूपात बाहेर काढता येते का. परीक्षकाने दुसरा प्रश्न स्वतःची एखादी जुनी फाइल घेऊन तपासावा. जाहिरातीतल्या दाव्यावर विसंबू नये.

आपला,
एक निवृत्त संगणक अभियंता