सर्वेक्षणाच्या कागदावर मी 'घरीच असते'

मा. सांख्यिकी मंत्री, भारत सरकार यांस,

स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आमच्या गावात सर्वेक्षणाची माणसं आली होती. ओसरीवर बसून त्यांनी सासऱ्यांना विचारलं, "घरात काम कोण कोण करतं?" सासरे म्हणाले, "दोघं पोरं." "आणि सुना?" "त्या घरीच असतात." झाली नोंद. मी शेणाची पाटी घेऊन त्यांच्यासमोरूनच गेले, मला कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळी सासऱ्यांना जाब विचारला, तर म्हणाले, "पगार कुणाला आहे तुमच्यापैकी?" त्यांना तो प्रश्न तसाच कळला. दुसऱ्या घरी दुसरा कुणी तो वेगळा समजेल आणि सुनेला कामकरी म्हणून सांगेल. साहेब, असल्या उत्तरांची बेरीज करून तुम्हाला काय कळतं?

कपाशीची खुरपणी मी करते, वेचणी मी करते. बोटं बोंडांनी सोललेली असतात. पहाटे म्हशींच्या धारा, मग चारा, आणि घरचं उरकलं की दुसऱ्याच्या रानात रोजानं. कंबर कामातून गेली आहे. डॉक्टर म्हणतात वाकू नका. मग कापूस कोण वेचणार? सातबाऱ्यावर मालकांचं नाव, म्हणून पीएम किसानचा हप्ता त्यांना. धाकटी बांधावर झोळीत वाढली, कारण आई घरीच असते म्हटल्यावर गावात पाळणाघर कुणाला हवं?

हे सरकारला माहीत नाही असं नाही. १९९१ च्या जनगणनेत घरच्या शेतातलं बिनपगारी कामही धरा, असं प्रश्नातच घातलं होतं. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिवसाचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब विचारला, तेव्हा बिनपगारी घरकामात ते करणाऱ्या बाईची दिवसाला २८९ मिनिटं जातात आणि ते करणाऱ्या पुरुषाची ८८, हे बाहेर आलं. नीट विचारलं की कळतं!

पंधरा वर्षांच्या आणि त्यावरच्या बायकांपैकी श्रमबलात, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या, २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होत्या, २०२३-२४ मध्ये ४१.७ झाल्या, हे तुम्ही अभिमानानं सांगता. त्यातल्या कामकरी बायकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त घरच्याच शेताधंद्यात बिनपगारी राबणाऱ्या आहेत. म्हणजे माझ्यासारख्या. मग काम वाढलं की विचारणारा बदलला? आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही तुमच्या साप्ताहिक हिशेबात रोजगारवाला ठरतो. त्याच नियमानं मीही ठरले असते. पण ओसरीवरच्या एका प्रश्नावर माझं सगळं वर्ष पुसलं गेलं, आणि असल्या आकड्यांवर दिल्लीत योजना ठरतात. चुकीची शिक्षा मात्र कुठल्याच साहेबाला होत नाही.

फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेची माणसं दारात येतील. ते गृहखात्याचं काम, असं सांगून हात झटकू नका. बाईची माहिती बाईलाच विचारा. पेरणी, खुरपणी, वेचणी, धारा, दूध घालणं, एकेक काम नाव घेऊन विचारा. 'काम करता का' एवढ्यावर पुढचं घर गाठायचं नाही, हे प्रगणकांना प्रशिक्षणातच बजावा. आणि बदल कधी करणार, ते लेखी कळवा.

आपली,
परभणी जिल्ह्यातील एक शेतकरी