मराठी नावाची फाइल आणि अडलेला अर्ज : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : फाइलच्या नावामुळे शासकीय पोर्टलवर आणि कार्यालयांतल्या संगणकांवर येणाऱ्या अडचणी

महोदय,

सादर नमस्कार. पुण्यात सदाशिव पेठेत माझे झेरॉक्स, स्कॅनिंग आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान आहे. आसपासच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले-मुली, दाखल्यांसाठी धावपळ करणारे पालक, मुळशी-भोरकडून सातबाऱ्याची फाइल मोबाइलमध्ये घेऊन येणारे शेतकरी, असे आमचे गिऱ्हाईक. ज्या कारणाने त्यांचे अर्ज अडतात त्यातले एक कारण असे आहे की ते दूर करायला फारसा खर्च नाही, नवा कायदा लागत नाही, नवी यंत्रेही लागत नाहीत. म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात प्रवेशाची मुदत संपत आली असताना एक मुलगी नॉन-क्रिमी लेअरचा दाखला अपलोड करायला आली. दाखला खरा, स्कॅन स्वच्छ, साइज मर्यादेत, फाइल पीडीएफच. पोर्टल मात्र दर वेळी इंग्रजीत एवढेच सांगत होते की अपलोड झाले नाही. का झाले नाही, ते नाही. आम्ही फाइल आणखी लहान केली, ब्राउझर बदलला, दुसऱ्या संगणकावरून करून पाहिले. शेवटी फाइलचे मराठी नाव पुसून रोमन लिपीत दोन-तीन अक्षरांचे नाव दिले आणि तीच फाइल पहिल्या झटक्यात गेली. तोवर ती मुलगी रडकुंडीला आली होती, कारण आपल्या दाखल्यातच काही खोट आहे असे तिला वाटू लागले होते. आमच्या दुकानात निदान नाव बदलून बघायचे हे ठाऊक असते. गावात मोबाइलवरून एकटीने अर्ज भरणाऱ्या मुलीला हे कोण सांगणार?

कारण समजायला अवघड नाही. बऱ्याच पोर्टलांवर फाइलच्या नावात फक्त इंग्रजी अक्षरे, आकडे, डॅश आणि अंडरस्कोअर चालेल अशी चाळणी लावलेली असते. त्या चाळणीला 'क' हेसुद्धा स्पेशल कॅरेक्टर वाटते. कुठे प्रोग्रामरने जरा उदार होऊन 'कोणत्याही भाषेतले अक्षर चालेल' असा नियम लिहिलेला असतो, तरी अडतेच, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सगळ्या लिप्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या संकेतपद्धतीत, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह यांची गणना अक्षरांत होत नाही, 'चिन्ह' या वेगळ्या वर्गात होते. म्हणजे नुसता 'क' आत जातो आणि 'का' बाहेर राहतो. मराठी नाव देऊन एकदाही तपासणी न केल्यामुळे राहिलेली ही चूक आहे.

दुसरी अडचण लांबीची. एक खरेखुरे नाव घेऊन दाखवतो : 'उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात सादर केलेले स्वयंघोषणापत्र'. आपण वाचतो तशी यात ३१ अक्षरे आहेत. संगणक मात्र प्रत्येक काना-मात्रा आणि जोडाक्षराचा प्रत्येक तुकडा वेगळा मोजतो, त्यामुळे मोकळ्या जागा धरून हे नाव ६८ चिन्हांचे होते. सर्व्हरवर सहसा लिनक्स असते, आणि तिथली नेहमीची फाइल-व्यवस्था चिन्हे मोजत नाही, बाइट (साठवणुकीचे लहान एकक) मोजते. एका फाइलनावाला कमाल २५५ बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. वरचे नाव पीडीएफच्या शेपटासह (नावाच्या शेवटचे '.pdf') १९६ बाइटचे भरते. पुढे एखादा तपशील जोडला, गावाचे नाव घातले, की मर्यादा ओलांडलीच. काही ठिकाणी साठवण कूटबद्ध (एन्क्रिप्ट) केलेली असते. तशा एका प्रचलित पद्धतीत मर्यादा १४३ बाइटवर येते, तिथे हे नाव आताच बसत नाही. आणि हेच नाव वेबपत्त्यात जाते तेव्हा देवनागरीच्या एकेका चिन्हाची नऊ-नऊ चिन्हे होतात. एकूण ५८०. डेटाबेसमध्ये त्यासाठी २५५ चा रकाना ठेवलेला असेल तर पुढे काय होत असेल हे आपले तज्ज्ञ सांगतील.

'महाराष्ट्र' हा शब्द विंडोजच्या मोजणीत १० चिन्हांचा आहे आणि रोमनमध्ये लिहिला तर ११, म्हणजे तिथे मराठीचे नुकसान नाही. बाइटच्या मोजणीत मात्र ११ च्या जागी ३० होतात. त्यामुळे 'नाव ५० कॅरेक्टर्सच्या आत ठेवा' अशी सूचना वाचून माणसाने काय मोजायचे? अक्षरे, चिन्हे की बाइट? ती सूचनाही इंग्रजीत असते, आणि बहुतेक वेळा पानाच्या तळाशी.

तिसरी गोष्ट खास आपल्या मराठी कारभाराची. आपली संक्षिप्त रूपे टिंबांनी भरलेली : जा.क्र., प्र.क्र., मु.पो., ग्रा.पं., स.नं. बऱ्याच पोर्टलांना नावात एकापेक्षा जास्त टिंबे चालत नाहीत, कारण दोन शेपटे लावून घातक फाइल आत ढकलण्याचा प्रकार होतो. विंडोजला नावाच्या शेवटी टिंब चालत नाही. दुसऱ्या यंत्रणेवरून 'ग्रा.पं.' असा टिंबाने संपणारा फोल्डर आला तर तो धड उघडत नाही आणि पुसलाही जात नाही. आपल्या जावक क्रमांकात तिरकी रेघ, तारखेत तिरकी रेघ, गट नंबरच्या हिश्श्यातही तिरकी रेघ. ती तर कोणत्याच संगणकावर फाइलनावात चालत नाही, कारण तिचा अर्थ 'इथून पुढे आतला फोल्डर' असा होतो. 'विषय :' असे लिहिले तर विंडोजला तो विसर्गासारखा कोलनही नको. लोक कागदावरचा क्रमांक जसाच्या तसा नावात टाकतात आणि सेव्ह होत नाही. पत्रावरचा क्रमांक फाइलला द्यावा, यात त्यांचे काय चुकले?

'शेतकऱ्यांची यादी' या नावाचेही बघा. 'ऱ्या' मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर त्यासाठी नुक्त्याचा र येतो, तर दुसऱ्यावर साध्या र ला न दिसणारे एक जोडचिन्ह लागते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ही दोन वेगळी नावे, म्हणून एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात आणि शोधायला गेले तर एकच सापडते. त्या न दिसणाऱ्या चिन्हामुळे अपलोड नाकारले गेले, तर अर्जदाराला चूक दिसणार तरी कशी?

आता कार्यालयांबद्दल. आमच्याकडे सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांतले क्लार्कही पेनड्राइव्ह घेऊन येतात, कारण 'फाइल आहे पण उघडत नाही'. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेपटापर्यंतच्या सगळ्या पत्त्याला २६० ची मर्यादा पूर्वीपासून आहे, त्यातले एक चिन्ह शेवटच्या अदृश्य खुणेला जाते. एक्सेलला तर पूर्ण पत्ता २१८ च्या आत हवा. आणि आपले फोल्डर कसे असतात? वर्ष, त्यात शाखेचे पूर्ण नाव, त्यात विषयाचे पूर्ण वाक्य, त्यात 'माहिती अधिकार अर्ज व त्यावरील कार्यवाही', त्यात पुन्हा वर्ष. झिप उघडली की तिच्या नावाचा फोल्डर तयार होतो आणि आत त्याच नावाचा आणखी एक निघतो. मग एरर येते, 'डेस्टिनेशन पाथ टू लाँग'. पुष्कळजण अशा वेळी फाइलचेच नाव कापत बसतात. खरे तर वरच्या एखाद्या फोल्डरचे नाव आखूड केले, किंवा झिप थेट डी ड्राइव्हवर एका अक्षराच्या फोल्डरमध्ये नेऊन उघडली, तर काम होते. पत्ता फारच खोल असेल तर 'सब्स्ट' या आदेशाने मधल्या फोल्डरलाच एक ड्राइव्ह-अक्षर देता येते, म्हणजे पत्ता तिथूनच सुरू झाल्यासारखा होतो आणि अडकलेल्या फाइली बाहेर काढता येतात. २०१६ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून लांब पत्ते चालू करण्याची सोयही आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते आणि प्रत्येक प्रोग्राम ती मानतोच असे नाही.

यात मला सर्वांत काळजी वाटते ती बॅकअपची. जुन्या संगणकावरून नव्यावर फाइली उतरवताना लांब पत्त्याच्या फाइलीपाशी संगणक थांबतो आणि 'स्किप' असे बटण पुढे करतो. संध्याकाळची वेळ, हजारो फाइली. बटण दाबले जाते. मग जुना संगणक भंगारात जातो. राहिलेल्या फाइली कोणत्या याची नोंद कुठेच नसते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अभिलेख सूचीबद्ध करून, सहज सापडतील असे ठेवणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. उद्या एखाद्याने त्यातला कागद मागितला आणि 'अभिलेख आढळून येत नाही' असे उत्तर मिळाले, तर त्या कागदाला कुणीही हात लावलेला नसेल, तो केवळ नावाच्या लांबीपायी गेलेला असेल.

'मग नाव इंग्रजीत द्या की' असे मला अनेकदा ऐकवले जाते. मला ते मान्य नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ ने राज्याचा कारभार मराठीत आणला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. सत्तरीचे आजोबा आपल्या मोबाइलमध्ये 'घराचा उतारा' असे नाव देतात, कारण त्याच नावाने त्यांना तो पुन्हा सापडतो. त्यांनी काय म्हणून रोमनकडे वळायचे?

सुरक्षेचा मुद्दा मात्र मी खरा मानतो. बाहेरून आलेल्या नावावर सर्व्हरने विश्वास ठेवू नये, त्यातून हल्ले होतात. पण नाव भरवशाचे नसेल तर नाव बाजूला ठेवावे. अर्जदाराला बाजूला ठेवण्याची गरज नाही. फाइल आली की सर्व्हरने तिला स्वतःचा क्रमांक द्यावा आणि नागरिकाने दिलेले नाव फक्त पडद्यावर दाखवण्यासाठी मजकूर म्हणून जपावे. हे आपल्या शासनाला नवीन नाही. शासन निर्णय संकेतस्थळावर चढतो तेव्हा त्याला १८ आकडी संकेतांक मिळतो आणि फाइल त्याच नावाने राहते. मूळ क्रमांकात कितीही टिंबे आणि तिरक्या रेघा असोत, काही अडत नाही. जी पद्धत शासनाने स्वतःच्या कागदासाठी वापरली तीच नागरिकाच्या कागदासाठी वापरावी, एवढेच मागणे आहे.

म्हणून विनंती अशी. नागरिकांकडून कागद घेणाऱ्या प्रत्येक शासकीय पोर्टलने फाइलच्या नावावरून अर्ज नाकारू नये, असे परिपत्रक आपल्या विभागाने काढावे. जुन्या पोर्टलांत हा बदल होईपर्यंत निदान एरर मराठीत यावी आणि तिने नेमके सांगावे : नाव लांब आहे, की अमुक चिन्ह चालत नाही. मर्यादा अपलोडच्या बटणाशेजारी, बटण दाबण्याआधी दिसावी. कंत्राटदाराकडून नवे पोर्टल ताब्यात घेताना मराठी नावांच्या फाइली चढवून, उतरवून आणि पुन्हा उघडून पाहिल्याशिवाय शेवटचे बिल निघू नये. या तपासणीची नमुना-नावे ठरवायला दूर जायला नको. भारतीय भाषांसाठी काम करणारी सी-डॅक १९८८ पासून पुण्यातच आहे.

कार्यालयांसाठी एक पानी सूचना पुरे : फोल्डरची नावे आखूड, तिरक्या रेघेऐवजी डॅश, शेवटी टिंब नको, लांब पत्त्यांची सोय सगळ्या संगणकांवर एकदाच चालू करून द्यावी, आणि संगणक बदलताना 'स्किप' झालेल्या फाइलींची यादी केल्याशिवाय जुने यंत्र निर्लेखित करू नये.

पुढच्या प्रवेशांच्या हंगामाआधी यातले निदान एरर मराठीत आणण्याचे काम व्हावे. अडणाऱ्या नावांचे नमुने, प्रत्येकाची चिन्हे आणि बाइट मोजून, मी या पत्राच्या टपालाने पाठवलेल्या प्रतीसोबत जोडले आहेत. आपल्या विभागातल्या कुणाला ते प्रत्यक्ष करून पाहायचे असतील तर अर्जदारांची नावे-पत्ते काढून टाकलेल्या फाइलीही देईन.

कळावे,

आपला,
सदाशिव पेठेतील एक झेरॉक्स दुकानदार
पुणे ३०